साखर-मिठाचं पाणी

नववीच्या मुलामुलींना शनिवारी एक तास घरातली कामं शिकवायची, ही कल्पना नुजहत शिकलगार यांची. शिरोळजवळच्या एका हायस्कुलात त्या विज्ञान शिकवत, रोज कुरुंदवाडहून एसटीनं येत. गॅसचा वास आला तर आधी काय बंद करायचं, भाजल्यावर टूथपेस्ट का लावायची नाही, शर्टाचं बटण कसं लावायचं, असलं सगळं त्या तासाला चाले. पोरांना तास आवडायचा. हेडमास्तरांना तो मोकळाच वाटायचा. स्कॉलरशिपचा जादा वर्ग असो की कवायतीची तालीम, वेळ काढायचा तो याच तासातून.

त्या शनिवारीही अर्धा तास असाच गेला. जुलाब झाल्यावर द्यायचं साखर-मिठाचं पाणी मुलांच्या हातून करून घ्यायचं, म्हणून मॅडमनी घरून पातेलं, चमचे, साखरेचा पुडा असं सगळं आणलं होतं. वेळ उरला नाही, पिशवी उघडलीच नाही. त्यांनी फळ्यावर लिहिलं : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा छोटे सपाट चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. मुलांकडून दोनदा म्हणून घेतलं.

"आणि पोर ओकलं तरी थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "जरा वेळानं पुन्हा घोटघोट पाजायचं."

घंटा झाली.

वर्षाराणी दुसऱ्या बाकावर बसायची. मॅडमचा शब्द म्हणजे तिला शेवटचा. तिचे वडील विश्वजित ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, आई संयोगिता जयसिंगपूरला कापडाच्या दुकानात कामाला जायची. घरी आजी अंबूबाई आणि दोन वर्षांचा भाऊ राजवीर.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी राजवीरला जुलाब सुरू झाले. आईला सुट्टी मिळेना. "आजच्या दिवस शाळा ऱ्हाऊ दे, त्याच्याकडं बघ. संध्याकाळी दवाखान्यात नेते," म्हणून ती गेली. वर्षाराणी घाबरली नाही. उलट तिला थोडा अभिमानच वाटला. आपल्याला येतंय की हे! तिनं पाणी उकळलं, गार केलं, त्यात साखर-मीठ ढवळलं आणि भावाला मांडीवर घेतलं.

राजवीरनं पहिल्याच घोटाला तोंड फिरवलं. तिनं नाक दाबून पाजलं. तो ओकला. तिनं पुन्हा पाजलं.

"अगं, त्वांड वाकडं करतंय लेकरू," अंबूबाई म्हणाली. "नगं पाजू त्येला."

"आजी, तुला काय कळतंय? मॅडमनी सांगितलंय, थांबायचं न्हाय."

दुपारी पोर पाण्यासाठी रडायला लागलं. पाणीच तर देतोय आपण, असं म्हणून ती तेच पाजत राहिली. मग रडणं थांबलं. तिला वाटलं, गुण आला, झोपला. जरा वेळानं त्याचे डोळे वर गेले आणि अंग ताठ होऊन झटके यायला लागले. अंबूबाईच्या ओरडण्यानं गल्ली गोळा झाली.

जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि कोल्हापूरला न्यायला सांगितलं.

संध्याकाळी मॅडमना संयोगिताचा फोन आला. मागं ॲम्ब्युलन्सचे आवाज येत होते. "मॅडम, राजवीर लई शिरेस हाय. आणि आमची वर्षा बोलतच न्हाय कुणाशी. नुसतं तुमचं नाव घेतीय. येतासा का?"

मिळेल त्या गाडीनं मॅडम कोल्हापूरला पोचल्या. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात वर्षाराणी भिंतीला टेकून खाली बसली होती. दारातून तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "झटके थांबत नाहीत. ताप नाही, डोक्याला मार नाही. रक्ताचा रिपोर्ट अजून आलेला नाही. सकाळपासून त्याच्या पोटात काय गेलं, कुणी नीट सांगेल का?"

"जुलाब व्हायलते म्हणून साखर-मिठाचं पाणी दिलतं पोरीनं," विश्वजित म्हणाले. "दुसरं कायबी न्हाय."

"ते चांगलंच केलं," म्हणून डॉक्टरीणबाई आत वळल्या.

मॅडमनी वर्षाराणीकडं पाहिलं. साखर-मिठाचं पाणी म्हटल्यावर पोरीनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

त्या तिच्याजवळ खाली बसल्या. "वर्षा, साखर किती घातलीस? आणि मीठ?"

पोरीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"रागावत नाही मी. आठवून सांग."

"तुम्ही सांगितल्यागतच केलतं," ती कशीबशी बोलली. "तुम्ही सांगितल्यागतच."

मॅडम धावत कँटीनमध्ये गेल्या. पाण्याची बाटली, मीठ, साखर, चमचा, स्टीलचा तांब्या, जे हाताला लागलं ते घेऊन आल्या. व्हरांड्याच्या फरशीवर सगळं मांडलं. शनिवारी जे करायचं राहिलं होतं, ते आता इथं, फिनेलच्या वासात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत.

"जसं घरी केलंस, अगदी तसंच कर. मी काही बोलणार नाही."

वर्षाराणीनं पाणी ओतलं. साखर अर्धा चमचा घातली. मग मिठाची पुडी ओढली. एक चमचा, दुसरा, तिसरा. मॅडमना तिचा हात धरावासा वाटत होता. त्यांनी स्वतःचेच हात मांड्यांखाली दाबून धरले. सहाव्या चमच्याला पोरीचा हात हवेतच थांबला. तिनं मॅडमच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं.

मॅडमनी बोट बुडवून चाटलं. घशापर्यंत जळजळलं.

त्या सरळ वॉर्डात घुसल्या. "डॉक्टर, मीठ आहे! साखरेच्या जागी मीठ घातलंय, सहा चमचे. दिवसभर तेच पाजलंय."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी नर्सला रिपोर्टसाठी पळवलं, सलाईन बदलायला लावलं. "ओकला म्हणून एवढ्यावर तरी राहिलंय," त्या म्हणाल्या. "आता हे मीठ हळूहळूच उतरवावं लागेल. घाईनं उतरवलं तर मेंदूला सूज येते. आजची रात्र काही सांगता येणार नाही."

विश्वजित दारातच उभे होते. "कुणी शिकवलं हे पोरीला?"

मी फळ्यावर बरोबर लिहिलं होतं. दोनदा म्हणून घेतलं होतं. सगळ्या वर्गाला विचारा. हे सगळं मॅडमच्या ओठांवर आलं होतं. समोर, दाराबाहेरच्या फरशीवर वर्षाराणी सांडलेलं मीठ हातानं गोळा करत होती.

"मी शिकवलं," त्या म्हणाल्या. "आणि अर्धवट शिकवलं."

"निघा हितनं."

"अहो, असं काय करतासा..." संयोगिता म्हणाली.

"निघा म्हणतोय की!"

मॅडम जिन्यात जाऊन बसल्या. तिथून त्यांना कुणी उठवलं नाही. आतून काही आवाज आला की त्या उभ्या राहायच्या आणि पुन्हा बसायच्या. देवाकडं काय मागायचं तेही त्यांना सुचत नव्हतं.

राजवीर वाचला. पण दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात काही धरलं जाईना, आणि पूर्वी चार शब्द बोलायचा, तेही बंद झाले होते. सुधारेल, पण किती आणि कधी, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

हेडमास्तरांनी मॅडमना बोलावून घेतलं. "तो तास बंद करा. उगाच शाळेवर बालंट नको."

"सर, पातेलं त्यांच्या हातात दिलं नाही म्हणून हे झालं. बंद करू नका. पुरा तास द्या मला."

"आणि परत काय झालं तर?"

तास बंद झाला.

वर्षाराणी शाळेत येईना. शेवटी एका सकाळी मॅडम तिच्या घरी गेल्या. विश्वजित दारात ट्रॅक्टरचा कसलासा भाग धुत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण अडवलंही नाही. आत अंबूबाई राजवीरचा हात तेलानं चोळत होती. संयोगितानं पाणी दिलं.

"पोरगी चुलीपाशी जात न्हाय, मॅडम," ती हळूच म्हणाली. "भावाला हात लावत न्हाय. जेवण म्हणजे दोन घास. एक पोर अंथरुणात हाय, दुसरं असं हाय. मी कुणाकडं बघू? घेऊन जावा तिला. शाळेत तरी बसू दे."

वर्षाराणी मागच्या दारात उभी होती. मॅडम तिला काही समजावायला लागल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "चल."

ती दप्तर घेऊन निघाली. स्टॉपवर एसटी आली, दार उघडलं. वर्षाराणीनं एक पाय पायरीवर ठेवला आणि काढून घेतला.

"मॅडम, न्हाय जमत."

"येताय का न्हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"जाऊ द्या तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

गाडी गेली. हेडमास्तर हजेरीत लेट मांडणार, हे मॅडमना ठाऊक होतं. त्या स्टॉपच्या कट्ट्यावर बसल्या. थोड्या वेळानं वर्षाराणीही त्यांच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसली. दुसऱ्या गाडीची वाट बघत दोघी तिथंच बसून राहिल्या.