सातव्या घरातला मंगळ

प्रेमाने बशी उपडी ठेवून तिच्या कडेने पेन्सिल फिरवली आणि कागद मिसेस रोझारियोंच्या पुढे सरकवला.

"आता मधून आडवी रेघ," मिसेस रोझारियो म्हणाल्या. "हे क्षितिज. डावं टोक पूर्व, उजवं पश्चिम. तुमच्या नकाशाच्या उलट, भूगोलाच्या बाई, तेवढं सांभाळा."

मधली सुट्टी चालू होती. बेंगळूरच्या छावणीतल्या त्या मुलींच्या शाळेत मिसेस रोझारियो पियानो शिकवत आणि सगळ्या जगाशी इंग्रजीत, हळू आवाजात बोलत. बासष्ट सालचा जानेवारी होता. फेब्रुवारीत आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार आणि जग बुडणार, असं गावभर झालं होतं. चिकपेटात म्हणे होमापायी तुपाचे डबे मिळेनात. शाळेतले शिपायांपासून हेडमिस्ट्रेसपर्यंत सगळे धास्तावले होते, आणि एकट्या मिसेस रोझारियो मजेत होत्या. "तुमच्या मकरेत असतील. आमच्या हिशेबाने ते कुंभेत आहेत," असं त्यांनी एकदा चहा ढवळताना सांगितलं, तिथून ही शिकवणी सुरू झाली.

दोन आठवड्यांत प्रेमाला बारा राशी आल्या, सूर्यचंद्र धरून सात ग्रह आले. पुढचे ग्रह दुर्बिणीतून सापडलेले, त्यांना जुन्या विद्येत स्थान नाही, असं मिसेस रोझारियोंचं ठाम मत होतं. वर्तुळाची बारा घरं करायची, आणि कुठला ग्रह कुठल्या घरात बसला ते बघायचं. पाहुणा कोण आणि तो कुठल्या खोलीत उतरला, एवढंच तर आहे, असं त्या म्हणत.

आज प्रेमाची स्वतःची कुंडली मांडायची होती.

"तारीख?"

"नऊ नोव्हेंबर, सत्तावीस."

"वेळ?"

"सकाळी साडेनऊ. वडील कामावर निघाले होते, म्हणून पक्की ठाऊक आहे."

मिसेस रोझारियोंनी ग्रहांच्या रोजच्या जागा छापलेलं जुनं पुस्तक चाळलं आणि क्षितिजाच्या वर, डाव्या बाजूला सूर्य काढला. मग त्याच्या शेजारी मंगळ.

"मंगळ तिथे नाही," प्रेमा म्हणाली. "माझा मंगळ सातव्या घरात आहे. इथे, उजवीकडे. अख्ख्या बेंगळूरच्या मराठी मंडळींना ते माहीत आहे."

"मग सूर्यालाही तिकडेच न्यावं लागेल. त्या दिवशी दोघे शेजारीशेजारी आहेत, एकाला सोडून दुसरा जात नाही." त्यांनी पेन्सिल वर्तुळाच्या कडेने फिरवली. "सूर्य डाव्या टोकाला म्हणजे पहाट, माथ्यावर म्हणजे दुपार, उजव्या टोकाला म्हणजे संध्याकाळ. हे घड्याळ आहे, डियर. मंगळ सातव्यात असेल तर तुझा जन्म दिवस मावळतानाचा."

"तुमची पद्धत आणि आमची यांत तेवीस अंशांचा फरक आहे ना? त्यामुळे असेल."

"त्याने राशीचं नाव बदलतं. सकाळची संध्याकाळ होत नाही." मिसेस रोझारियोंनी चष्मा काढला. "साडेनऊला जन्मलेल्या मुलीचा मंगळ अकराव्यात येतो. मित्रांचं घर, इच्छांचं घर. छान जागा आहे."

घंटा झाली. प्रेमाने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. पाचवीच्या वर्गात तिने त्या दिवशी नाईल नदी दोनदा शिकवली.

जयनगरच्या बसमध्ये तिने सगळं खापर शास्त्रीबुवांवर फोडून टाकलं. चिकपेटातले ते म्हातारे शास्त्री, मागेच वारलेले, बाटलीच्या बुडासारखा चष्मा. घटकापळं मोजताना चुकले असतील. पत्रिका तरी कधी केली, तर ती बावीस वर्षांची झाल्यावर, श्रीकांतच्या आईने हट्ट धरला म्हणून! अण्णांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. संशोधन संस्थेत तीस वर्षं गणित करणारा माणूस. त्यांनी लेकीची पत्रिका केलीच नव्हती. पन्नास साली ती करून आणली तीही कुरकुरत, आणि सातव्यातला मंगळ निघाला तेव्हा म्हणाले होते, "मी मानत नाही गं. पण समोरचे मानतात, त्याला मी काय करू?"

श्रीकांत संस्थेत अण्णांच्या हाताखाली होता. दोन वर्षं दर रविवारी घरी यायचा, अण्णांशी आकडेमोड करायचा आणि निघताना अर्धा तास फाटकाशी प्रेमाशी बोलायचा. पत्रिका गेली आणि तो यायचा थांबला. पुढे कलकत्त्याकडे नोकरी धरून निघून गेला, निरोपही घेतला नाही. आईच्या पदराआड लपणारा, भित्रा! प्रेमाने त्याच्या नावाने बारा वर्षं खडे फोडले. त्यानंतरची पाच स्थळं त्याच मंगळाने घालवली. चौतिसाव्या वर्षी आता कोणी विचारत नव्हतं.

एका म्हाताऱ्याच्या चष्म्यापायी! तिला संताप आला, पण मेलेल्या माणसावरचा संताप तसा सोपा असतो. उतरेपर्यंत तर तिला हसूही येऊ लागलं. अण्णांना सांगितलं तर ते खूश होतील. ज्योतिष थोतांड असल्याचा आणखी एक पुरावा घरातच मिळाला, म्हणून शेजारीपाजारी सांगत सुटतील.

घरी आल्याआल्या तिने कपाटातून पत्रिका काढली. लाल कुंकवाचे डाग पडलेला तो कागद तिने वरवर कैकदा पाहिला होता, वाचला कधीच नव्हता. आता वाचला. सूर्योदयानंतर घटी एकोणतीस. चोवीस मिनिटांची एक घटी. एवढा गुणाकार तिला येत होता. साडेअकरा तासांहून जास्त. म्हणजे सूर्यास्त. शास्त्रीबुवांचं गणित चुकलं नव्हतं. त्यांना वेळच संध्याकाळची सांगितली गेली होती.

अण्णा पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. दिवे लागायला अवकाश होता.

"अण्णा, माझ्या जन्माची गोष्ट सांगा ना."

"आज काय वाढदिवस आहे?" पण त्यांनी पेपर खाली ठेवला. ही गोष्ट त्यांची आवडती. "चामराजपेटेतलं घर. मी सायकल बाहेर काढलेली, पायाला क्लिप लावलेली, साडेनऊ वाजलेले. सुईण गंगव्वा दारात आली आणि म्हणाली, हेण्णु मगु, स्वामी! मुलगी! मी सायकल तशीच भिंतीला लावली. तीस वर्षांतली माझी ती एकच रजा."

त्यांचा चेहरा उजळला होता. दर वाढदिवसाला असाच उजळायचा. आई गेल्यावर बारा वर्षांच्या प्रेमाची वेणी घालायला शिकलेले, तिच्या आजारपणात रात्ररात्र जागलेले अण्णा. ते विसरले असतील, प्रेमाच्या मनात आलं. शास्त्रीबुवांना सांगताना गडबडीत काहीतरी सांगितलं असेल. तिने ते घट्ट धरून ठेवलं आणि पर्समधला कागद काढून त्यांच्या मांडीवर पसरला.

"मिसेस रोझारियोंनी मांडलंय. मंगळ म्हणे अकराव्यात येतो."

"ह्या खुळात तूही पडलीस?"

"बघा तर." तिने डाव्या टोकावर बोट ठेवलं आणि घड्याळाच्या काट्यासारखी वर सरकत गेली. "हे पहिलं, हे दुसरं, हे तिसरं..."

"तसं नाही गं." अण्णांना चुकलेली आकृती बघवत नसे. त्यांनी तिचं बोट धरून मागे आणलं. "डावीकडून खाली जायचं. पहिलं घर क्षितिजाच्या खाली. हे दुसरं, हे तिसरं, असं फिरत अकरावं इथे वर येतं. सरी?"

त्यांचं बोट बरोबर सूर्यावर आणि मंगळावर थांबलं. मग त्यांनी ते उचललं, पण उशीर झाला होता.

"तुम्हाला हे कसं येतं, अण्णा?"

बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. अण्णांनी कागद मांडीवरून उचलून तिच्या हातात दिला.

"पंधरा दिवस लागले शिकायला," ते म्हणाले. "अवघड नाही."

"आणि वेळ?"

"वेळ मी काढली. शास्त्र्याने फक्त मांडली."

प्रेमा समोरच्या स्टुलावर बसली. ज्या एका माणसावर तिने कधी शंका घेतली नाही, त्या माणसाने टेबलाशी बसून, पेन्सिलीला टोक काढून, तिचं लग्न मोडेल अशी वेळ हिशेब करून काढली होती.

"तो कलकत्त्याला जाणार होता," अण्णा म्हणाले. "तुला घेऊन. तुझी आई जाऊन दहा वर्षं झालेली. मला वाटलं, एवढं एक टळू दे. पुढचं स्थळ इथलंच बघू. गावातलं, दोन गल्ल्या सोडून."

"इथलीही आली. पाच."

"तोवर पत्रिका सगळ्यांना माहीत झाली होती. बदलणार कशी? लोकांनी मला काय म्हटलं असतं?"

ते हे अगदी सरळ बोलले. आपली अडचण लेकीला कळेल, अशी त्यांची खात्री दिसत होती. प्रेमाला तेच सगळ्यात जास्त लागलं.

"श्रीकांत तरी एका कागदाला घाबरायला नको होता," ती शेवटी म्हणाली. कोणावर तरी राग काढायला हवा होता, आणि तो राग सवयीचा होता.

अण्णांनी धोतराचा सोगा उगीच दोनदा नीट केला.

"तो घाबरला नाही," ते म्हणाले. "आला होता. तू शाळेत होतीस. फाटकातच उभा राहून म्हणाला, आई मानते, मी पत्रिका मानत नाही. प्रेमाला विचारतो आणि तारीख ठरवतो."

"मग?"

"मी त्याला म्हटलं, प्रेमा मानते."

प्रेमाने हातातल्या कागदाची पुन्हा घडी घातली.

"म्हटलं, तिने तुझ्या जिवाची धास्ती घेतली आहे. तिच्यासमोर विषयही काढू नकोस. चांगला मुलगा. त्याने नाही काढला."

प्रेमाने हातातल्या कागदाकडे पाहिलं. घडीवर तिचा अंगठा इतका दाबला गेला होता की नख पांढरं पडलं होतं. बारा वर्षं ती ज्याला भित्रा म्हणत होती, तो कुठेतरी दूर बसून तिलाच भोळीभाबडी, मंगळाला भिणारी मुलगी समजत असेल. आणि तेही तिच्याच नावाने सांगितलेलं.

फाटक वाजलं.

समोरच्या घरातले कृष्णाजी होते, निपाणीकडचे. हातात शाळकरी वही, कानाला पेन्सिल. आत यावं की नाही अशा विचारात ते पायरीखालीच थांबले. प्रेमा उठून बाहेर गेली.

"अक्का, स्वल्प एक विचारायचं हुतं," ते आवाज उतरवून म्हणाले. "अष्टग्रहांची शांती ठेवलीय देवळात. संकल्पाला गल्लीतली नावं घ्यायलोय. तुमच्याकडं विचारायचं धाडसच हुईना बघा. अण्णा धरून बसवतील, आन् पृथ्वी गोल आहे, इथनं सुरुवात करतील."

"लिहा," प्रेमा म्हणाली.

"तुमचं?"

"माझं नको. अण्णांचं लिहा. दामोदर."

कृष्णाजींची पेन्सिल कानावरच राहिली. "अण्णांचं? चालंल त्यास्नी?"

"हो. अण्णा मानतात." तिचा आवाज एरवीसारखाच होता, खोलीत सहज ऐकू जाईल एवढा. "फार धास्ती घेतली आहे त्यांनी. त्यांच्यासमोर मात्र विषय काढू नका."

"छे छे, मी कशाला काढतोय," कृष्णाजी म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी पायरीवर वही टेकवून सावकाश नाव लिहिलं. आत वेताची खुर्ची एकदा करकरली, पण अण्णा काही बाहेर आले नाहीत.