बुधवारच्या सह्या

"हल्ली शाईत पाणी घालतात," थिलसाहेब पुटपुटले. त्यांचं नाक कागदाला टेकायचंच काय ते बाकी होतं.

त्यांची मदतनीस ट्रिनी हिने दुसरं पेन दिलं. पहिल्याचीही शाई चांगली काळीभोर होती. गेल्या दोन वर्षांत तिने अशी बरीच पेनं बदलून दिली होती.

लक्झेंबर्ग शहरातल्या त्या कर कचेरीत बुधवारची दुपार सल्लागारांची. परदेशी कंपन्यांच्या वतीने ते जाडजूड फायली घेऊन येत. नफा या देशातून त्या देशात असा असा फिरवला तर तुम्ही कर किती लावाल, ते आत्ताच लिहून द्या, एवढंच मागणं. उत्तराचं पत्रही तेच टाइप करून आणत. साहेबांनी फाइल वाचायची, पटलं तर सही करायची; मग पुढची काही वर्षं कचेरी त्या शब्दाला बांधलेली.

पूर्वी साहेब वाचत. चाळिसाव्या पानावरची तळटीप पकडून भल्याभल्यांना परत पाठवत. आधी बायको गेली, मग नजर जायला लागली. आता ट्रिनी सहीच्या जागी पेन्सिलीने ठळक फुली मारून ठेवी, आणि पत्र आपल्यालाच हौस असल्यासारखं मोठ्याने वाची. पेन्शनला चार महिने उरले होते. आत्ताच कुणाला कळलं तर साहेबांना उद्यापासून घरी बसवतील, आणि घरी त्यांच्याशी बोलायला भिंतीवरचं घड्याळ तेवढं होतं. चार महिने कसेही निभवायचे, असं तिने ठरवलं होतं.

त्या दुपारी ती दाढ काढून परतली, तर सल्लागार रेडिंगबाई येऊन बसलेल्या, आणि सही झालेली. उत्तरावर नव्हे, अर्जावर. 'अर्जदारातर्फे' लिहिलं होतं तिथे. कंपनीसाठी करातली सवलत आता साहेब स्वतःच स्वतःकडे मागत होते.

रेडिंगबाई अगदी हळुवार हसल्या. साहेब आमच्याकडे नोकरीला लागले असं समजू, म्हणाल्या. साहेबही हसले, जरा उशिराने.

"उद्या नवी प्रत आणते हो," त्या ट्रिनीला म्हणाल्या. "अक्षर अजून थोडं मोठं करू."

त्या गेल्या, पण ट्रिनी त्या 'अजून'पाशीच अडकली. तिने कपाटातून जुनी पत्रं काढून शेजारी शेजारी मांडली. उत्तराचं अक्षर वर्षागणिक वाढत गेलं होतं. यंदाचं तर पहिलीच्या पुस्तकासारखं. आतली फाइल मात्र होती तशीच, मुंग्यांच्या रांगांसारखी.

बाईंची माया खोटी नव्हती. दर सप्टेंबरला त्या निळ्या प्लमचा टार्ट घरी भाजून आणत, साहेबांचा तुकडा स्वतः कापून हातात देत. पण त्या मायेत सोयही होती. आणि आपली पेन्सिलीची फुली? तीही त्याच सोयीची.

"ट्रिनी, पेन दे," साहेब पुढची फाइल ओढत म्हणाले. "कुठे करायची म्हणालीस सही?"

तिने पेन दिलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्या समोरच्या, सल्लागारांच्या खुर्चीत बसली. टेबलावर चाचपडणारा त्यांचा हात तिने धरला.

"साहेब, तुम्हाला दिसत नाही. मला फाइल कळत नाही. दोन वर्षं झाली, इथे एकही फाइल कुणी वाचलेली नाही."