दहा बाटल्या, एक गोठा

न्हावऱ्याच्या डेअरीत धुरपदाबाईंचं दूध सलग दोन दिवस परत केलं गेलं. दूध तपासणाऱ्या मशीनच्या पडद्यावर लाल अक्षरांत ‘पाण्याचा संशय’, तेही भरल्या रांगेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी थेट दौंडच्या कचेरीत फोन लावला. “तुमचं मशीन मला चोर म्हणतंय, बाई. आता माझ्या गायीलाच इचारा.”

फोन अनुपमानं घेतला. मशीनचा प्रोग्रॅम याच कचेरीत लिहिला जाई आणि तो तपासणं तिचं काम. दूध किती पातळ असलं की संशय दाखवायचा, ती मर्यादा गेल्याच आठवड्यात बदलली होती. त्यासाठी पन्नास घरांच्या दुधावर चाचणी ठरलेली. ठरल्या रीतीला फाटा दिला, तर कारण वहीत लिहायचं.

तिनं वही उघडली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या रविराजची नोंद होती: ‘वेळ कमी. पन्नासऐवजी दहा नमुने.’ कुठं खाडाखोड नाही. तिला तेच खटकलं.

तिनं चाचणीचे आकडे काढले. दहाही नमुन्यांची डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, सारखी. फरक होता तो दशांशानंतर. दहा घरच्या गायी, दहा तऱ्हेचा चारा, आणि दूध एकाच साच्यातलं?

“रविराज, नमुने कुठून आणलेस?”

“न्हावऱ्यातनं. गावच आहे माझं.”

“दहा घरांची नावं सांग.”

“पंचनामा करताय का, मॅडम?”

“चार सांगितलीस तरी चालेल.”

त्यानं खुर्ची मागं सरकवली. “आमच्याच गोठ्यातलं हाय. दहा जर्सी. पहाटे दारोदार बाटल्या घेऊन कोण फिरणार? आन् दूध चोख होतं की.”

“चोख, पण जर्सीचं, दाट. धुरपदाबाईंची गाय कुठली?”

“एचएफ,” तो पुटपुटला. “तिचं पातळच असतंय.”

नोंदीत खोटं काही नव्हतं. खालची तपासणीची सही मात्र अनुपमाची होती, आणि हेच आकडे तेव्हाही तिच्यासमोर होते.

तिनं जुनी मर्यादा परत लावली आणि वहीत लिहिलं: ‘दहाही नमुने एकाच गोठ्यातले. मी न विचारता सही केली.’ मग फोन केला. “चूक आमची होती. उद्यापासून दूध घेतील.”

“घेतील वो. पर रांगेनं वाचलंय, त्याचं काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपमा आणि रविराज एसटीनं न्हावऱ्याला उतरली. कॅन घेऊन माणसं उभी होती. अनुपमा पुढं झाली आणि हलक्या आवाजात आपली चूक सांगू लागली.

“मोठ्यानं, बाई,” धुरपदाबाई म्हणाल्या. “मागच्यांना ऐकू येत न्हाई.”