तियाओनचं माडावरचं गाणं

पडद्यावर कबुआचं तोंड दिसलं तसा सभाघरात एकच गलका झाला. पॅसिफिकमधल्या किरिबाती देशातल्या आमच्या बेटावर शूटिंग होऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हा कुठे तो माहितीपट आम्हाला दाखवायला आणला. नीरा काढणाऱ्या बापलेकांवरचा. पडद्यावर कबुआ माडाच्या शेंड्यावर बसून नीरेसाठी पोय, म्हणजे माडाचा कोवळा फुलोरा, छाटत होता आणि गात होता.

"वा रे पठ्ठ्या!" शेजारचा बेनियामा ओरडला. "न्यूझीलंडला सफरचंदं तोडून आला, तरी आवाज बापाचाच!"

बापाचाच होता तो. अहो, कबुआला गाणं येतच नव्हतं! तो नुसते ओठ हलवत होता आणि त्याचा बाप, तियाओन, खाली झुडपाआड बसून गात होता. ते गाणं त्यांच्या घराण्याचं. बापाने एका माडावरून म्हणायचं, मुलाने शेजारच्या माडावरून उचलायचं. जमिनीवर शिकवायचं नाही म्हणजे नाही. शिकायच्या वयात कबुआ परदेशी गेला, आणि परतला तोवर बापाचे गुडघे गेले होते.

कॅमेऱ्यासाठी म्हाताऱ्याने आयुष्यात एकदाच रीत मोडली. "नीट ऐक रे, पुन्हा नाही म्हणणार," असं बजावलंही होतं. आणि हा गाढव वर बसून हसू दाबत होता! दोन महिन्यांनी तियाओन वारला.

आता सभाघरात कबुआ जिवाचा कान करून ऐकत होता. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं आणि त्यावर कुणा बाईंचा गोड आवाज आला, "ही परंपरा आज तरुण पिढीच्या हाती सुरक्षित आहे..." बापाचा आवाज त्याखाली बुडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कबुआ ढसाढसा रडला. फिल्मवाल्यांना विचारलं, तर बाकीचं रेकॉर्डिंग केव्हाच पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बापाच्या माडावर चढला. एक कडवं म्हटलं, थांबला, पुन्हा तेच म्हटलं.

"पुढचं म्हण की रे," खाली झावळ्या गोळा करणारी त्याची आई तेरेतिया म्हणाली. "मला मेलीला खाली नुसता सूर यायचा, शब्द कळायचे नाहीत. पण तुझे बाबा त्यात एका ठिकाणी माझं नाव घ्यायचे, ते तेवढं ऐकू यायचं. तेवढं म्हण."

कबुआने डोळे पुसले आणि पहिल्याच कडव्यात कुठेतरी आईचं नाव घुसडलं.

तेरेतिया झावळी हातात धरून तशीच उभी राहिली.

"इथे नाही रे ते," ती म्हणाली.