आडव्या माणसाचा टोगा

टोगा, म्हणजे रोमन पुरुषाने अंगाभोवती गुंडाळायचं ते लांबरुंद कापड, एकट्याने नेसायला जावं तर भल्याभल्यांची फजिती होते. मागचा घोळ धरायला दुसरं माणूस लागतंच. नुमेरियसला तो जन्मभर त्याच्या बायकोने, वेट्टियाने नेसवला. हिवाळ्यात ती गेली आणि टोगा पेटीत पडून राहिला.

आज त्याचा नातू पोरपणाचा टोगा उतरवून मोठ्या माणसाचा पांढरा टोगा नेसणार होता. मुलाने, ऑलसने, निरोप धाडला होता की पाहुणे मोठे आहेत, यायचं तर टोग्यात या, नाहीतर येऊच नका. नातवाला पाहायचं म्हणून नुमेरियस पहाटेपासून त्या कापडाशी झटत होता. खांदा सावरला की मागून घोळ सुटे. शेवटी म्हातारा मटकन खाली बसला आणि रडला. 'जरा धर गं' म्हणावं असं घरात कुणीच नव्हतं.

खालच्या मजल्यावर हेडीला राहायची. मयतांना न्हाऊ घालून नेसवणं हा तिचा धंदा, त्यामुळे तिच्या उंबऱ्याला कुणी शिवत नसे. नुमेरियस नाइलाजाने तिथे गेला. तिने प्रयत्न केला, पण घड्या काही बसेनात.

"बाबा, उभ्या माणसाचं मला जमत नाही. त्या फळीवर आडवे व्हा."

"अगं, मी अजून मेलो नाही."

"तेच तर. मेलेले हलत नाहीत."

तो निमूट आडवा झाला. तिचे हात भराभर फिरले, एकेक घडी जागेवर बसली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याच्या अंगाला हात लावत होतं. त्याने डोळे मिटून घेतले.

मयताला नावाने हाक मारायची, ओ आली नाही की मग उचलायचं, अशी रोममधली रीत. ज्याला कुणी नसेल त्याला हेडीलाच हाक मारायची. हातातलं काम संपलं तशी ती सवयीने त्याच्या कानाशी वाकली.

"नुमेरियस."

वेट्टिया गेल्यापासून त्याला या नावाने कुणीही हाक मारली नव्हती.

"ओ," तो म्हणाला.

हेडीलाने जीभ चावली. तो उठला आणि घोळ सावरत निघून गेला.

ऑलसने बापाचा टोगा वरपासून खालपर्यंत न्याहाळला, ठीक आहे अशी मान हलवली आणि तो पाहुण्यांकडे वळला. नातू गर्दीत लांबूनच दिसला. वाढपी त्याला 'म्हातारबा, जरा सरका' म्हणाले. तेवढंच काय ते तिथे दिवसभरात कुणी त्याच्याशी बोललं.

संध्याकाळी तो हेडीलाच्या दारात उभा राहिला. घोळ पार खाली ओघळला होता.

"टोगा सोडून देऊ का, बाबा?"

"नको," म्हणत तो आपणहून फळीवर आडवा झाला. "सकाळी मारलीस ना, तशी हाक मार एकदा."

हेडीलाने दार लोटलं आणि ती त्याच्या कानाशी वाकली.