बिल्ला वर होता

राखीव समुद्राची रक्षक म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर बोटीच्या टोकावर उभी राहून दुर्बिणीतून डॉल्फिन बघत असेल आणि वर त्याचा पगार घेत असेल. त्यांनी एकदा धाकटीचे हात बघावेत. हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या साखळ्यांना चिकटलेले शिंपले खरवडून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि खारं पाणी त्या भरू देत नव्हतं. चोरून टाकलेली जाळी कापायची, तळाशी चौकट ठेवून प्रवाळ मोजायचं, त्याच प्रवाळावर उभं राहून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना हात जोडून उतरवायचं आणि संध्याकाळी या सगळ्याचे तीन प्रतींत फॉर्म भरायचे, असं हे काम. जागा सात माणसांच्या, कामावर तिघं. धाकटी, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि बोट चालवणारा, ज्याला साहेब सोडून सगळे कप्तान म्हणत.

‘धाकटी’ हे घरातलं नाव. भावोजींनी ते ऑफिसात आणलं आणि तिची छत्तिशी आली तरी ते सुटलं नाही. पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. पाण्यात त्यांच्यासारखा शांत माणूस नाही आणि पाण्याबाहेर त्यांच्यासारखा विसरभोळा नाही. तळाशी शंभर शिंपल्यांची गणती डोक्यात ठेवतील, पण वर आल्यावर आधी चहाची आठवण येणार आणि बिल्ल्याची कधीच नाही.

हा बिल्ला म्हणजे गंमत नव्हती. केबिनच्या दारात एक फळी होती, तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी. वरची ओळ बोटीत असलेल्यांची, खालची पाण्यात असलेल्यांची. पाण्यात उतरताना आपला पितळी बिल्ला खाली लावायचा, बोटीत आलं की वर. आपला बिल्ला आपल्याच हाताने, असा नियम होता आणि सगळे बिल्ले वर दिसल्याशिवाय कप्तान इंजिनाला हात लावत नसे. बिल्ला विसरल्याबद्दल भावोजींना दोन मेमो मिळाले होते. तिसरा मिळाला की पाण्यात उतरण्याचा परवाना जाणार आणि त्यांना टेबलावर बसवणार. भावोजी टेबलावर बसलेत ही कल्पनाच कुणाला सोसत नव्हती. म्हणून गेलं वर्षभर जाता-येता धाकटीच त्यांचा बिल्ला वर लावून टाकायची. ते समोर पाणबुड्याचा ओला सूट उतरवत असायचे, कपाळावर हात मारून हसायचे. कप्तानही हसायचा.

त्या दुपारी त्यांनी पूर्वेकडचा तडकलेला बोया सोडवून बोटीत ओढला. नवा बसवण्याआधी तळाची साखळी तपासायची होती. दोघं उतरली. एकमेकांच्या नजरेआड जायचं नाही हाही नियमच, पण साखळी लांब, वेळ कमी आणि माणसं दोन, म्हणून त्यांनी दोन टोकं वाटून घेतली. धाकटीच्या टाकीतली हवा आधी संपत आली. ती वर येऊन शिडी चढली, तर डेकवर भावोजींची हत्यारांची पिशवी पडलेली. ओली, पाणी गळणारी. ते पुढच्या टोकावर सूट उतरवायला गेले असणार. मध्ये केबिन, पुढचं काही दिसत नव्हतं. तिने स्वतःचा बिल्ला वर लावला आणि त्याच हाताने त्यांचाही.

तेवढ्यात मघापासून केबिनमधून दुर्बिणीने हद्द बघत असलेला कप्तान ओरडला, “जाळीवाले! हद्दीच्या आत आलेत!” त्याने फळीकडे पाहिलं आणि बोट पूर्ण वेगात सोडली.

वीस-पंचवीस मिनिटं बोट लाटांवर आपटत धावली, केबिनच्या पुढच्या काचेवर नुसतं पाणी उडत होतं. जाळीवाले हद्दीबाहेर निसटले, मागे जाळं सोडून. ते ओढायला म्हणून धाकटीने हाक मारली, “भावोजी, सुरी आणा हो.” उत्तर नाही. ती पुढच्या टोकाला गेली. तिथे दोराचं वेटोळं होतं आणि रिकामी बादली होती.

ती धावत केबिनपाशी आली. “भावोजी बोटीत नाहीत!”

कप्तानाचं डोकं चालू होतं. “आपटत आलो आपण. पुढे उभे असतील, तोल गेला असेल. जिथून आलो तीच रेघ धरून शोधायचं.” त्याने वायरलेसवर ऑफिसला सांगितलं. साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला, “बिल्ला वर होता ना?” कप्तान म्हणाला, “वर होता, साहेब.” दुसरी बोट पाठवा, असंही तो म्हणाला, पण ती येणार कुठून? दुसऱ्या बोटीचं इंजिन चार महिन्यांपासून सुटं करून ठेवलेलं होतं.

इथे धाकटीने तोंड उघडायला हवं होतं. तिने उघडलं नाही. ती वाईट होती म्हणून नव्हे. पिशवी डेकवर होती, म्हणजे माणूस डेकवर आला होता, हे ती स्वतःला इतक्या जोरात सांगत होती, की दुसरं काही ऐकूच येईना. त्यांचा खोकला ऐकल्याचंही तिला आठवायला लागलं. डोळे फाडून ती पाणी बघत होती आणि मनात एकेक गोष्ट लावून पाहत होती. जुन्या बोयाच्या साखळीच्या कडीत अडकवलेली मोठी पकड तिने तळाशी पाहिली होती. पिशवीत हात घातला, तर पकड नव्हती. म्हणजे भावोजींनी बोटीपाशी येऊन पिशवी आत टाकली होती, मग पकड आठवली म्हणून ते पुन्हा खाली गेले होते. आयुष्यात एकदाच त्यांना एखादी गोष्ट वेळेवर आठवली होती.

“कप्तान,” ती म्हणाली, “बिल्ला मी लावला.”

“काय?”

“त्यांचा बिल्ला. मी लावला. मी त्यांना वर आलेलं बघितलं नाही. नुसती पिशवी बघितली.”

कप्तानाने घड्याळ पाहिलं. शोध सुरू करून चाळीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं ते अशा पाण्यात शोधत होते जिथे भावोजी कधी नव्हतेच. तिला वाटलं, आता हा हात उगारेल. उगारला असता तर बरं वाटलं असतं. त्याने चाक असं फिरवलं की ती आडवी पडली. मग दात ओठ न खाता, अगदी हळू म्हणाला, “तू लावतेस हे मला माहीत होतं. मी बघायचो आणि हसायचो.”

पूर्वेच्या जागी पोहोचले तेव्हा तिथे काही नव्हतं. असणार कसं? धरायला बोया होता तो त्यांनीच काढून बोटीत ठेवला होता. दुसरा बोया अर्धा किलोमीटरवर, तोही ओहोटीच्या उलट दिशेला. ओहोटी जोरात होती आणि सगळं पाणी बाहेर, मोकळ्या समुद्राकडे ओढत होती. कप्तानाने पिण्याच्या पाण्याचा कॅन अर्धा रिकामा करून पाण्यात सोडला. तरंगत्या माणसाएवढाच तो बुडून राहतो. कॅन जाईल तसं दहा मिनिटं त्याच्या मागे जायचं, वेग मोजायचा, त्याला दीड तासाने गुणायचं. धाकटीने गुणाकार तीनदा केला आणि तीनदा उत्तर एकच आलं. भावोजी हद्दीच्या कितीतरी बाहेर गेले होते.

“जॅकेट आहे अंगात. बुडणार नाहीत,” कप्तान म्हणाला.

“थंडीचं काय?”

त्याने वायरलेस हातात घेतला.

त्याने सगळ्या बोटींना ऐकू जाईल असा निरोप सोडला. दोन मासेमार बोटी आल्या. त्यांतल्या एकीचं जाळं धाकटीने गेल्याच आठवड्यात कापलं होतं. त्या बोटीवरच्या माणसाने तिच्याकडे एकदा पाहिलं, विचारलं फक्त, “सूट कुठल्या रंगाचा?” ती म्हणाली, “काळा.” त्याने मान हलवली आणि बोट वळवली. काळ्या सूटमधला माणूस लाटेच्या सावलीत दिसत नाही, हे त्याला तिच्याइतकंच ठाऊक होतं.

ती ओरडत राहिली. आधी “भावोजी”, मग नुसतं “अहो”, मग घसा बसला तेव्हा शिट्टी. प्रत्येक शिट्टीनंतर कप्तान इंजिन बंद करायचा आणि दोघं कान देऊन उभी राहायची. तीन वेळा तिला वाटलं, उत्तर आलं. एकदा तो पक्षी होता आणि दोनदा काहीच नव्हतं. ऊन तिरकं झालं, पाणी चकाकायला लागलं आणि बघणं अवघड झालं. मग डिझेलचा काटा तळाला टेकला.

“परत जावं लागेल,” कप्तान म्हणाला.

“नाही.”

“धाकटे, बोट इथे बंद पडली तर आपल्यालाच शोधायला लोक लागतील. डिझेल आणि मोठा दिवा घेऊन लगेच फिरू.”

परतताना ती मागच्या बाजूला तोंड करून बसली. जमीन जवळ आलेली तिला बघवत नव्हती.

धक्क्यावर ताई, भावोजींची बायको, उभी होती. रडत बसलेली असेल असं धाकटीला वाटलं होतं, पण ताईने ऑफिसच्या पहारेकऱ्याला कामाला लावून डिझेलचे चार कॅन हातगाडीवरून आणवले होते, मोठा दिवा साहेबांच्या नाकासमोरून उचलून आणला होता आणि बोट टेकायच्या आत पहिला कॅन उचलून पुढे केला होता. कॅन देऊन झाल्यावर तिने धाकटीकडे पाहिलं.

“साहेब सांगत होते, आधी चुकीच्या जागी शोधलं. ते काय?”

कप्तान मध्येच म्हणाला, “ताई, माझा अंदाज चुकला. हिने तर लगेच सांगितलं, जागा दुसरी आहे म्हणून.”

तो तिला दार उघडून देत होता. त्यातून निसटणं सोपं होतं. ताईनेही विश्वास ठेवला असता, कारण तिला कशावर तरी विश्वास ठेवायचाच होता.

“लगेच नाही सांगितलं,” धाकटी म्हणाली. बसलेल्या घशातून आवाज कसाबसा निघाला. “त्यांना न बघता त्यांचा बिल्ला मी वर लावला. म्हणून बोट सुटली. ते कळल्यावरही मी बोलले नाही. चाळीस मिनिटं बोलले नाही, ताई.”

पहारेकरी कॅन हातात धरून जागच्या जागी उभा राहिला. ताईचा हात वर आला आणि धाकटीने डोळे मिटले, पण तो हात तिच्या जॅकेटच्या पट्ट्यावर आला. पट्टा सुटला होता. ताईने तो करकचून आवळला, लहानपणी शाळेत पाठवताना आवळायची तसा, पण मायेने नाही.

“ओढ कुठवर नेते, हे कुणाला माहीत आहे?”

“मला. गुणाकार मी केलाय.”

“मग बस बोटीत. मीही येते.” ताई स्वतः आधी उतरली, कठड्याला धरून, साडीचा पदर खोचून. खाली बसल्यावर तिने मान वर केली. “ते सापडले की तुझ्याशी असं भांडेन की जन्मभर लक्षात राहील. आणि नाही सापडले, तर तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. समजलं?”

“समजलं.”

कप्तानाने इंजिन सुरू केलं. धाकटी दिवा घेऊन पुढच्या टोकावर जाऊन उभी राहिली. अजून उजेड होता, पण थोडाच. बहिणीच्या तोंडच्या शिव्या ऐकायला मिळाव्यात, म्हणून कुणी एवढा नवस केला नसेल. गुणाकाराने सांगितलेल्या जागी पोहोचल्यावर तिने शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली, कप्तानाने इंजिन बंद केलं आणि मग तिघंही कान देऊन ऐकत राहिली.