माळ्यावरचे तीन प्लग

बाबूरावांच्या घरात वीज येऊन दोन वर्षं झाली, तरी माळ्यावर एकच बल्ब होता आणि तोही मिणमिणता. माळ्यावर तोवर राहायचं कोण? यजमानांची जाजमं, पितळी पातेली आणि उंदीर. तुळजापुरात पुजाऱ्याचं घर म्हणजे नवरात्रात धर्मशाळाच. यजमान येणार, ओसरीत जेवणार, जागा मिळेल तिथं पडणार.

बाबूरावांची धाकटी बहीण चंद्रप्रभा मुलींच्या शाळेत शिकवायची. वय चौतीस, लग्न राहून गेलेलं. का राहिलं, ते आता कुणी विचारतही नव्हतं. त्या उन्हाळ्यात तिनं आपल्या पगारातून माळा साफ करून घेतला, भिंतीत खिडकी पाडून घेतली, लाकडी जिना बसवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला दाराला आतून कडी लावता येणार होती, आणि त्या कडीचं तिला फार अप्रूप होतं.

मग तिला प्लग हवे झाले. एक टेबलावरच्या दिव्याला, एक इस्त्रीला, एक रेडिओला.

"तीन?" बाबूराव म्हणाले. "अख्ख्या घरात एक हाय. देवीच्या देवळात तरी इतके असतील का गं?"

"देवीला वह्या तपासायच्या नसतात, दादा."

वायरमन गुरुलिंग आला. भिंत वाजवून पाहिली आणि त्यानं नाक मुरडलं. "बाई, वर समदी कच्ची वीट. स्क्रूसाठी लाकडी गुटका ठोकला की भसकन माती येती. खाली हातभर दगड हाय, तिथंच पक्कं बसंल." म्हणून तिन्ही प्लग जमिनीपासून वीतभर उंचीवर बसले. चंद्रप्रभा जमिनीवरच अंथरूण घालायची, त्यामुळं एक तर थेट उशाशी आला. तिला बरंच वाटलं, हात लांबवला की दिवा.

बाबूराव खालून ओरडले, "चंद्रा, आत्ताच सांगतो. तुझ्या ह्या प्लगांपायी नवरात्रात एकदा जरी घरात अंधार झाला, तर माळा यजमानांना. मग तू खाली, आमच्यात."

"कबूल," ती म्हणाली. बाबूरावांना त्या माळ्यात दहा माणसं झोपलेली आधीच दिसत होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वहिनीही त्यांनाच सामील, अशी तिची समजूत. अयोध्यावहिनी कधी काही बोलायच्याच नाहीत, आणि न बोलणाऱ्या माणसाबद्दल वाट्टेल ते समजून घेणं सोपं असतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घर सारवायला निघालं. ओल वाळेपर्यंत एक रात्र खाली निजायचं म्हणून दिवा-रेडिओ उचलून ठेवून चंद्रप्रभा शाळेत गेली होती. अयोध्यावहिनींनी खालचं घर आटोपलं आणि बादली घेऊन माळ्यावर गेल्या. जमीन सारवली, भिंतींना पांढऱ्या मातीचं पोतेरं दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोलापूरकडचे यजमान ओसरीत जेवायला बसले होते. चंद्रप्रभेला सकाळच्या आरतीला नेसायच्या पातळाला इस्त्री करायची होती. बल्ब पाठीमागं, तिची सावली प्लगावर. तिनं चाचपून इस्त्रीची पिन लावली. जाईना. तिनं जोर केला. चट्ट झालं, जळका वास आला आणि सगळं घर काळंठिक्कर पडलं. खालून पोरांचा गलका उठला, पाठोपाठ बाबूरावांचा आवाज.

तिनं कंदील लावला आणि प्लगाजवळ धरला. भोकं नव्हतीच. पांढऱ्या मातीनं लिंपलेली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केलेली. दुसरा प्लगही तसाच, तिसराही तसाच. माती आतून अजून ओली होती.

तिच्या डोक्यात सणक गेली. कंदील घेऊन ती जिना उतरली आणि ओसरीत, यजमानांच्या पंगतीसमोर उभी राहिली.

"दादा, माझ्या प्लगांचा दोष नाही. वहिनींनी मातीनं बुजवून टाकलेत. तिन्ही! मुद्दाम. मला वर राहू द्यायचंच नाही यांना."

अयोध्यावहिनी आमटी वाढत होत्या. पळी हातातच राहिली. यजमानीणबाईंनी मान खाली घातली.

"काय गं?" बाबूराव गरजले. "बुजवलंस तू?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "भोकं दिसली म्हणून बुजवली. आमच्या माहेरी, सोनारीला, भिंतीला भोक ठेवत न्हाईत, विंचू बसतो. या दिवसांत लई निघतात." मग चंद्रप्रभेकडं न बघता म्हणाल्या, "वन्सं भुईवर निजतात. एकट्या. रात्री चावला तर हाक कुणाला ऐकू येणार? तिथून करंट येतो, हे मला कुणी सांगितलंच न्हाय."

 खरंच सांगितलं नव्हतं. गुरुलिंग आला तेव्हा वहिनी चुलीपाशी होत्या, आणि त्यांना वर बोलावून काही दाखवावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बाबूराव शब्दाचे पक्के. "तुझी चूक न्हाय, चंद्रा. माळा तुझाच," ते म्हणाले आणि फ्यूजची तार शोधायला उठले. वहिनींनी पुढच्या पानावर आमटी वाढली.

चंद्रप्रभा कंदील धरून उभीच होती. हवं ते मिळालं होतं, आणि लाजेनं तिचे कान तापले होते. 'वहिनी, चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. पण पंगतीसमोर आरोप करणारी जीभ पंगतीसमोर माफी मागायला उचलेना. उद्या म्हणू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी घरात वीस माणसं होती. दसऱ्यानंतर म्हणू म्हटलं, तोवर त्या गोष्टीवर बरीच धूळ बसली.

दिवाळीत गुरुलिंगनं लाकडी फळ्या ठोकून तिन्ही प्लग वर, छातीच्या उंचीवर घेतले. दिवा, इस्त्री, रेडिओ, तिन्ही झकास चालायची. वहिनी पूर्वीसारख्याच वागायच्या, वेळेवर चहा, वेळेवर पान. फक्त आता वर न चढता जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून "वन्सं, जेवायला" म्हणायच्या आणि माघारी वळायच्या.

पुढल्या वर्षी नवरात्राआधी वहिनींनी खालचं सगळं घर सारवलं. संध्याकाळी चंद्रप्रभा शाळेतून आली, तर जिन्याच्या तळाशी पांढऱ्या मातीची बादली भरून ठेवलेली होती. तिनं ती उचलली, वर नेली आणि पदर खोचून स्वतःच पोतेरं द्यायला लागली.